पटावर नसलेला उंट

माझ्या धाकट्या दिरांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता फारसं कोणी उरलेलं नाही. मी त्यांना भाऊजी म्हणते, त्यांची बायको ‘अहो’ म्हणते, आणि बुद्धिबळाच्या क्लबात ते नीटकर. हे आमचं आडनाव नव्हे. बुद्धिबळात एक नियम आहे. सोंगटीला हात लागला की तीच हलवावी लागते. एखादी सोंगटी घरात वाकडी उभी असेल आणि नुसती सरळ करायची असेल, तर आधी ‘नीट करतो’ असं म्हणायचं आणि मग हात लावायचा. भाऊजी हे इतक्या वेळा म्हणत की समोरचा वैतागून जाई. घोड्यांची तोंडं एका दिशेला, उंट घराच्या मधोमध, प्यादी कवायतीला उभी केल्यासारखी. क्लबात नव्याने आलेल्या एका गृहस्थांनी एकदा सामन्याची चिठ्ठी लिहिताना सरळ ‘श्री. नीटकर यांस’ असं लिहिलं, आणि ते नाव कायमचं चिकटलं.

त्यांचं हे नीट करणं कधी वाढतं, तेही क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. गांजा ओढून आले की.

हे मी आडपडदा न ठेवता लिहिते, कारण घरातही त्याला आडपडदा नव्हता. आमची दोन्ही घरं एकाच इमारतीत. माझं वर, त्यांचं बरोबर खाली. त्यांच्याकडे वाजलं की मला मुद्दाम कान द्यावा लागत नाही. ऐन विशीत मित्रांबरोबर सुरू झालेली ती सवय मित्र पांगले तरी राहिली. संध्याकाळी कामावरून आले की ते गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जात, आणि थोड्या वेळाने फार प्रेमळ होऊन खाली येत. माझी धाकटी जाऊ इस्पितळाच्या औषधांच्या खिडकीत काम करते. दिवसभर लोकांना गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावून तिची जीभ धारदार झालेली आहे. ती त्यांना म्हणायची, “पकडले गेलात तर माझं नाव सांगू नका. मी सांगेन, हे वरच्या मजल्यावरच्या बाईंचे दीर आहेत, मला काही माहीत नाही.”

भाऊजींचं काम चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत. पुढे काचेची कपाटं आणि आरसे, मागे पाण्याखाली फिरणारं घासायचं चाक. डॉक्टरने दिलेल्या नंबराची काच गोल येते, ती फ्रेमच्या आकाराला घासून बसवायची. आता बरंचसं यंत्रच करतं, पण जुनी किंवा विचित्र आकाराची फ्रेम आली की ती यांच्याकडे. आधी काचेवर शाईचे तीन ठिपके देऊन तिचा मध्य आणि आडवी रेघ ठरवायची, मग हात लावायचा. रेघ जराशी कलली तर माणसाला जिना तिरका दिसतो. त्या खोलीत त्यांनी जन्मात कधी गांजा ओढला नाही, कामावर जाण्याआधीसुद्धा नाही. एकदा मी विचारलं, का बरं? म्हणाले, काचेच्या कामात गंमत चालत नाही, वहिनी. मी म्हटलं, मग पटावर चालते? त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. काच घासायला कल्पना लागत नाही, डावाला लागते. ओढल्यावर डोक्याची दारं उघडतात आणि एरवी न सुचणाऱ्या चाली आपल्या पायांनी आत येतात.

ही त्यांची श्रद्धाच होती, आणि श्रद्धेला अधूनमधून पुरावाही मिळे. वर्षाकाठी एखादा डाव असा खेळत की क्लबातली माणसं आपले पट सोडून यांच्याभोवती गोळा होत. वजीर देऊन टाकायचा आणि साध्या घोड्याने मात करायची, असलं काहीतरी. त्यावर पुढचं वर्ष निघे. क्लबाच्या संघाचे कॅप्टन शाळेत भूगोल शिकवायचे. ते म्हणायचे, नीटकरांच्या डावाची सुरुवात बघायला मी तिकीट काढीन, पण शेवट बघायला मला कोणी गाडी पाठवली तरी येणार नाही.

शेवट असा का होई, हे मला कळायला वेळ लागला, कारण मी काही मोठी खेळाडू नाही. मी शाळेच्या बोर्डिंगमध्ये शिकले. रविवारी दुपारी सिस्टर आम्हाला पट मांडून बसवत, कारण या खेळात आवाज होत नाही. पुढे लग्नानंतर हे, म्हणजे माझे यजमान, मला आणि भाऊजींना समोरासमोर बसवून स्वतः वर्तमानपत्र वाचायचे आणि मधूनच, न बघता, “तुझा हत्ती जातोय” म्हणायचे. हे गेल्यावरही रविवार दुपारचा आमचा पट चालू राहिला. तेव्हा मी जे पाहिलंय ते समोरच्या खुर्चीतून.

ओढून आले की भाऊजी चार चाली पुढचं बघायला निघत आणि दुसऱ्या चालीपाशी थांबून तिच्याच प्रेमात पडत. तिथून परत येईपर्यंत पहिली चाल कोणती होती ते निसटलेलं असे. मग पुन्हा सुरुवात. एकदा तर मनात आखलेल्या बेतातली तिसरी चाल त्यांनी पहिलीच खेळून टाकली आणि माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. मी फुकट मिळालेला उंट उचलला. आणि वेळ. क्लबाच्या सामन्यात पटाशेजारी घड्याळ असतं. आपली चाल झाली की त्याची कळ दाबायची, म्हणजे आपला वेळ थांबतो आणि समोरच्याचा सुरू होतो. भाऊजी चाल खेळत आणि कळ दाबायला विसरून त्या चालीकडे बघत बसत. समोरचा सज्जन असेल तर खुणेने घड्याळ दाखवे. सगळेच कशाला सज्जन असतील?

असं वर्षानुवर्षं चाललं, आणि कोणाचं फार बिघडलं नाही. बिघडलं ते एका रविवारी.

त्या मोसमात आमच्या क्लबाचा चौघांचा संघ पहिल्यांदाच वरच्या गटात जायच्या बेताला आला होता. शेवटचा सामना बरोबरीत सुटला तरी पुरे होतं. तिघांचे डाव संपले. एक जिंकला, एक हरला, एक बरोबरीत. राहिला भाऊजींचा. समोर दुसऱ्या क्लबाचे एक दंतवैद्य. भाऊजींकडे एक अख्खा हत्ती जास्त होता. जिंकले नसते तरी बरोबरी कोणी हिरावून घेणार नव्हतं. कॅप्टन मागे उभे होते आणि त्यांचे, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, मनातल्या मनात पेढे वाटून झाले होते.

दंतवैद्यांनी वजीर भाऊजींच्या राजाच्या समोर आणून ठेवला. भाऊजी बराच वेळ पटाकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक कौतुकाचं हसू आलं. त्यांनी घड्याळ थांबवलं, हात पुढे केला आणि म्हणाले, “सुंदर. मी डाव सोडतो.”

दंतवैद्यांनी सवयीने हात मिळवला आणि मग विचारलं, “पण का?”

भाऊजींनी समजावून सांगितलं. तुमचा वजीर इथे शेवटच्या घरात उतरणार. मला तो मारता येणार नाही, कारण त्या तिरक्या रेषेवरून तुमचा उंट त्याला जोर देतोय. म्हणजे मात.

दंतवैद्यांनी पटाकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं. “कुठला उंट?” ते म्हणाले. “तो तर तुम्ही मघाशीच मारलात. तो काय, तुमच्या कपाजवळ पडलाय.”

आणि तो तिथे होता. भाऊजींच्याच कोपरापाशी, चहाच्या रिकाम्या कपाला टेकून, आडवा. त्यांनीच मारलेला, त्यांनीच बाजूला ठेवलेला. हाताने तो पटावरून उचलला होता, डोक्याने उचलला नव्हता. दंतवैद्य बिचारे खरंच ओशाळले, डाव पुढे खेळू म्हणाले. पण सोडलेला डाव परत घेता येत नाही, नियमच तसा आहे. संघ एका गुणाने हरला आणि खालच्या गटातच राहिला.

त्या संध्याकाळी मी खाली गेले तेव्हा भाऊजी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले होते. धाकटी पोळ्या लाटत होती. मला वाटलं होतं आज ती त्यांना सोलून काढणार, पण ती गप्प होती, आणि ते जास्त वाईट होतं. शेवटी भाऊजी म्हणाले की त्यांनी कॅप्टनना सांगून टाकलंय, आजपासून क्लब बंद, बुद्धिबळ बंद, सोडलं.

लाटणं थांबलं. “बघा ताई,” धाकटी मला म्हणाली, “सोडायचं ते यांना सुटत नाही, आणि नको ते सोडून येतात. दुपारी डाव सोडला, आता खेळ सोडला. उद्या मला सोडतील, पण ती पुडी काही सुटायची नाही.”

भाऊजींनी पट कपाटावर टाकला. त्यानंतरचे काही आठवडे ते रोज गच्चीवर जात, पण पूर्वीसारखे प्रेमळ होऊन खाली येत नसत. मी एकदा वाळलेले कपडे काढायला वर गेले, तर टाकीमागे नुसते बसले होते. म्हणाले, ओढून तर झालं, पण आता कशाचा विचार करायचा तेच कळत नाही. मला त्यांची दया आली. कपडे घेऊन खाली आले.

पुढच्या मोसमाची यादी करायच्या आधी कॅप्टन खाली भाऊजींकडे आले. बसले, पाणी प्यायले, धाकटीच्या इस्पितळाची चौकशी केली, आणि मग सरळ मुद्द्यावर आले. तिसरा पट त्यांनी नीटकरांसाठी रिकामा ठेवला होता. राग नव्हता. अट एकच होती. “मला तू हवायस,” ते म्हणाले, “पण कोरडा. ओढून येणार असशील तर प्रेक्षक म्हणून ये, खुर्ची देतो.”

भाऊजींनी विचार करून सांगतो म्हटलं. कॅप्टन गेल्यावर ते वर माझ्याकडे आले. मी शिवत बसले होते. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, “वहिनी, सगळे म्हणतात कोरडा खेळ. पण कोरडा मी कधी खेळलोच नाहीये. तुमच्यासमोर खेळलो ते सोडलं तर, आणि तेही अर्ध्या वेळा. जे काय चांगलं खेळलो ते त्या पुडीने खेळलं असेल, आणि माझं स्वतःचं काहीच नसेल, तर?”

मी म्हटलं, मला माहीत नाही. खोटं बोलून काय उपयोग होता? पण बघितल्याशिवाय तुम्हालाही कळणार नाही, असंही म्हटलं.

तेव्हा त्यांनी खिशातून एक पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. टाकवत नाही, म्हणाले, पण माझ्याकडे नको. तुमच्याकडे असू दे. मी विचारलं, पोलीस आले तर मी काय सांगू? म्हणाले, दिराचं आहे म्हणून सांगा. मी म्हटलं, सगळे दिराचं आहे असंच सांगत असतील. शेवटी मी ती दोऱ्यांच्या रिळांच्या डब्यात, खालच्या कप्प्यात, बटणांखाली ठेवली, आणि दोन दिवस दारावरची घंटा वाजली की मी आधी त्या डब्याकडे बघे.

तिसऱ्या दिवशी धाकटी निळा दोरा मागायला आली. मी आत चहा टाकत होते. डबा कुठे असतो ते तिला माहीत होतं. बाहेर आले तर ती पुडी दोन बोटांत धरून उभी होती, वास घेत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असा भाव होता जो मी तिच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

“ताई,” ती अगदी हळू म्हणाली, “तुम्हीसुद्धा?”

मला आधी हसूच फुटलं आणि तिला माझ्या हसण्याने अधिकच खात्री पटली. सगळं सांगून होईपर्यंत चहा उतू गेला. मग आम्ही दोघींनी ठरवलं की ही घरात ठेवण्यात अर्थ नाही, आणि संडासात ओतून पाणी सोडलं. ते तरंगून वर आलं. पुन्हा पाणी सोडलं. पुन्हा वर. धाकटी म्हणाली, यांच्यासारखंच आहे, जात नाही. शेवटी बादलीने पाणी घातलं तेव्हा गेलं. आम्ही दोघी संडासाच्या दारात उभ्या राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो, आणि मग ती थोडी रडलीही, कारण तिला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं की ते सोडायचा प्रयत्न करतायत.

प्रयत्न सोपा नव्हता. धाकटीने मला आधी सांगून ठेवलं होतं, झोप उडेल, घाम येईल, चिडचिड होईल, मग हळूहळू उतरेल. तसंच झालं. शिवाय स्वप्नं. इतकी वर्षं त्यांना स्वप्नं पडत नसत म्हणे, आणि आता एकदम सगळी थकबाकी वसूल व्हावी तशी पडू लागली. सकाळी लाल डोळ्यांनी कामावर जात. दुकानात मात्र एकही काच वाया गेली नाही, हे ते स्वतः सांगत आणि दुकानाचे मालकही.

पटावर मात्र हाल. रविवारी ते माझ्याकडे येत आणि हरत. मी चांगली खेळत होते असं नव्हे. तेच इतके घाबरून खेळत की मला काही करावंच लागत नसे. सगळी माणसं राजाभोवती गोळा करून बसत. एखादं प्यादं पुढे सरकवायचं तर हात अर्ध्यावरून मागे. मी दया दाखवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा सलग जिंकत होते, आणि मला ते आवडत होतं. एकदा मी शह देता देता गुणगुणले, तर म्हणाले, वहिनी, जरा तरी वाईट वाटून घ्या.

मग एका रविवारी ते पट न मांडता उभेच राहिले. चेहरा उतरलेला. ती पुडी परत द्या म्हणाले. फक्त आजच्यापुरती, फक्त बघायला, की फरक पडतो का.

मी सांगितलं, नाही. संपली. आम्ही दोघींनी पाण्यात सोडली.

ते माझ्यावर चिडले, इतके पूर्वी कधी चिडले नव्हते. विश्वासाने ठेवायला दिली होती, म्हणाले. मोठ्या भावाच्या जागी मानतो तुम्हाला, म्हणाले, आणि तुम्ही. मी ऐकून घेतलं. त्यात चूक काही नव्हती, विचारायला हवं होतं. ते दारापर्यंत गेले, चपलेत पाय घातला, आणि तिथेच थांबले. बस डेपोमागे जाऊन नवीन आणता आली असती, त्यांना वाट पाठ होती. बऱ्याच वेळाने ते परत आले, रागातच धाडधाड पट मांडला आणि म्हणाले, “खेळा.”

त्या रागात ते घाबरायला विसरले. पहिल्यांदाच त्यांनी घोडा माझ्या बाजूला घुसवला, मग दुसरा. मी अडवू लागले तसे ते अडखळले नाहीत. डाव लांबला आणि मी हरले, स्वच्छ हरले. त्यांनी मान वर केली तेव्हा चेहऱ्यावरचा राग गेला होता आणि तिथे कुतूहल होतं, जणू पटावर कोणीतरी दुसराच माणूस येऊन खेळून गेला होता.

त्यानंतर ते बोलू लागले. म्हणाले, मला वाटायचं ओढल्यावर चाली सुचतात. सुचत नव्हत्या, वहिनी. असायच्याच. नुसती भीती जायची, म्हणून खेळल्या जायच्या. आणि भीतीबरोबर समोरच्याचा उंटही डोक्यातून जायचा, नाहीतर नसलेला यायचा. आता भीती आहे, आणि चालीही आहेत, दोघींना एकाच खोलीत राहायला शिकवायचंय.

शिकवायची युक्ती त्यांनी आपल्या कामातूनच आणली. घासण्याआधी काचेवर ठिपके देतात तसं. प्रत्येक चालीआधी समोरच्याच्या उरलेल्या सगळ्या सोंगट्यांवरून एकदा नजर फिरवायची, एकेकीचं नाव मनात घ्यायचं, ती कुठे बघतेय ते बघायचं, आणि मगच स्वतःचा विचार करायचा. सुरुवातीला ते ओठ हलवत करत, तेव्हा मला वाटे जप चाललाय. खेळ हळू झाला, थोडा रुक्षही झाला असेल. वजीर देऊन टाकणं वगैरे बंद. पण एखादं लहानसं प्यादं धरून ठेवायचं आणि ते डावाच्या शेवटापर्यंत जपत न्यायचं, हे त्यांना जमू लागलं. मला हे त्यांचं रूप नवीन होतं. धाकटीला नव्हतं. ती म्हणाली, घरात नळ गळत असला की ते असेच असतात.

त्यांनी कॅप्टनना हो कळवलं. पण मला माहीत होतं, प्रश्न अजून सुटलेला नाही. माझ्यासमोर जिंकणं वेगळं, अनोळखी माणसासमोर घड्याळ चालू असताना खेळणं वेगळं. सामन्याच्या सकाळी जिन्यात भेटले तेव्हा इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ओठ कोरडे पडले होते. मी ‘जिंकून या’ म्हटलं नाही. सावकाश या, म्हटलं.

दुपार गेली, संध्याकाळ झाली, ते आले नाहीत. सात वाजत आले असतील, खालून धाकटीने हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता. मी तशीच उतरले.

दारात भाऊजी उभे होते आणि धाकटी त्यांच्या शर्टाची कॉलर हातात धरून वास घेत होती. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. मग हात हुंगले.

“ताई, तुम्ही बघा,” ती म्हणाली. “हरून आलेत. आणि जिन्यातून शीळ घालत आले. हरलेला माणूस इतका खूश असतो का?”

“अगं, हुंग ना हवं तेवढं,” भाऊजी म्हणाले. “घाम आहे नुसता.”

मीही जवळ गेले. खरंच घामच होता, आणि भरपूर.

आत बसल्यावर त्यांनी सांगितलं. समोर एक बाई होत्या, शहराची बस चालवणाऱ्या, हाताने दणकट आणि स्वभावाने शांत. सुरुवातीलाच भाऊजींचं एक प्यादं गेलं. तिथून ते चिवटपणे बसून राहिले. बाकीचे तिन्ही डाव संपले, आपला संघ दोन जिंकून एक बरोबरी करून मोकळा झाला, तरी यांचा चालूच. शेवटी पटावर दोन राजे आणि मोजकी प्यादी उरली आणि सगळी मंडळी दोन्ही बाजूंनी उभी राहून बघू लागली. बाईंचं प्यादं यांच्या प्याद्याच्या एक पाऊल आधी शेवटच्या घरात पोहोचून वजीर झालं. एवढंच. खेळ संपल्यावर बाई म्हणाल्या, गाडी रिकामी झाली तरी तुम्ही उतरायला तयार नव्हता. कॅप्टननी पुढच्या सामन्याला तिसऱ्या पटावर नाव लिहिलंय.

“दाखवतो,” भाऊजी म्हणाले आणि कपाटावरून पट काढला. जेवणाच्या टेबलावर मांडला आणि पहिल्या चालीपासून डाव लावू लागले. न थांबता, दोन्ही बाजूंच्या चाली, जशा झाल्या तशा. पूर्वी सामन्यावरून आले की ते नुसतं कसं वाटलं ते सांगत, डाव कधी दाखवत नसत. मला आता लक्षात आलं, तो त्यांच्याजवळ कधी नसेच. धाकटीलाही काहीतरी जाणवलं असावं, कारण बुद्धिबळातलं अक्षर न कळणारी ती, हातातला वाढायचा डाव भाताच्या भांड्यात तसाच ठेवून येऊन उभी राहिली.

“हे माझं,” एखाद्या चालीवर ते म्हणत. “हेही माझं. हे त्यांचं चांगलं होतं.” मग शेवटाकडे आल्यावर एका प्याद्यावर बोट ठेवून थांबले. “आणि ही चूक. एक घर मोजायचं राहिलं. हीसुद्धा माझीच.”

मी विचारलं, वाईट नाही वाटत?

त्यांनी जरा विचार केला. “वाटतंय. पण मला भीती होती की आत काही सापडणारच नाही. सापडलं, वहिनी. फार मोठं नाहीये. पण आहे, आणि सुधारता येईल असं आहे.”

जाता जाता धाकटीने त्यांची कॉलर, जी तिनेच चुरगळली होती, सरळ केली.

मग त्यांनी पट माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, त्या चुकीच्या एक चाल आधीपासून खेळून बघू. तुम्ही बस चालवणाऱ्या बाई व्हा. मी त्यांच्या राजावर बोट ठेवलं आणि विचार करू लागले. तेही समोर वाकले, ओठ न हलवता माझी प्यादी एकेक बघून घेत. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. धाकटी दोनदा जेवायला वाढू का विचारून गेली, आणि टेबल मोकळं होण्याची चिन्हं दिसेनात तेव्हा तिने आमची ताटं आमच्या मांडीवरच आणून दिली.